तेच ते का ऐकायचं?

ब्लूजविषयी बोलायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एक प्रश्न येतोच: "सगळी गाणी एकसारखीच का वाटतात हो?" विचारणारा सहसा अरसिक नसतो. चार-पाच गाणी मन लावून ऐकून झालेली असतात आणि तो जरा वैतागलेला असतो. मुंबईत २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, पहिल्याच वर्षी शिकागोचा बडी गाय येऊन वाजवून गेला. तेव्हापासून हा प्रश्न मला अस्सल मराठीतही ऐकू येऊ लागला. एका मित्राने तर मध्यंतरात वडापाव खाता खाता विचारलं, "एवढ्या लांबून आलेत, दुसरी चाल नाही का आणली?"

मित्राचं निरीक्षण चुकलेलं नाही. चाल बरीचशी तीच असते. गंमत कुठे असते, ते समजायला आधी तो साचा उघडून बघू.

१. तीनतालाची तीन आवर्तनं

ब्लूजच्या सगळ्यात रुळलेल्या साच्याला 'ट्वेल्व्ह बार' म्हणतात. बार म्हणजे चार मात्रांचा एक खण. असे बारा खण झाले की कडवं पुरं. बारा चोक अठ्ठेचाळीस. तबल्याशी ओळख असेल तर वेगळ्या तऱ्हेने मोजा: सोळा-सोळा मात्रांची तीन आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात कडव्याची एक ओळ.

ओळी तीन, पण मजकूर दोनच ओळींचा. पहिली ओळ दोनदा म्हणायची, मग वेगळी तिसरी. नमुन्यादाखल एक कडवं मीच जुळवतो, बरंवाईट माझ्या माथी:

पहाटेची गाडी सुटली, मी फलाटावरच उभा,
अहो, पहाटेची गाडी सुटली, मी फलाटावरच उभा,
तिकीट होतं खिशात माझ्या, नव्हती जायची मुभा.

पहिल्यांदा ओळ ऐकली की वाटतं, याला उशीर झाला असेल. तीच ओळ पुन्हा आली की आपण मनात तर्क करायला लागतो. झोप लागली? पैसे संपले? तिसरी ओळ त्या तर्कावर येऊन आदळते. गझलेच्या मैफलीत शेराचा वरचा मिसरा दोन-तीनदा घोळवतात आणि खालचा राखून ठेवतात, त्यातलीच ही युक्ती. शिवाय आयत्या वेळी कडवी जुळवणाऱ्या गायकाला पुढची ओळ सुचेपर्यंत उसंतही मिळते.

आता एक हिशेब करून बघा. ओळीच्या वाट्याला सोळा मात्रा आहेत, पण शब्द साधारण नऊ-दहा मात्रांत संपतात. उरलेल्या सहा-सात मात्रा गिटारच्या, किंवा हार्मोनिकाच्या, म्हणजे आपल्या माउथ ऑर्गनच्या. गायक बोलतो आणि वाद्य त्याला हुंकार देतं, चिडवतं, कधी त्याचं वाक्य पुरं करतं. कडव्यात अशा तीन जागा येतात. बी. बी. किंग तर गात असताना गिटार जवळपास वाजवतच नसे. गाणं थांबलं की गिटार, गिटार थांबली की गाणं. नवखा श्रोता फक्त शब्द ऐकतो. तीन जागा मोकळ्या गेल्यासारख्या वाटतात आणि गाणं त्याच्यापुरतं अर्धंच वाजतं.

आणखी एक गोष्ट खालच्या थरात चालू असते. तीन स्वर एकदम वाजवले की त्याला कॉर्ड म्हणतात. सा-ग-प हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण. ब्लूजला तीन कॉर्ड पुरतात, एक सा वर उभी, एक म वर, एक प वर. पहिल्या ओळीच्या सोळाही मात्रा सा वर. दुसऱ्या ओळीत आठ मात्रा म वर जायचं आणि आठ मात्रांसाठी सा वर परत यायचं. तिसऱ्या ओळीत चार मात्रा प, चार मात्रा म, मग उरलेल्या आठ पुन्हा सा. पाहुणा आधी ओट्यापर्यंत जाऊन परततो आणि मग एकदम वेशीपर्यंत जाऊन टप्प्याटप्प्याने घरी येतो, तसं.

म्हणजे पहिली आणि दुसरी ओळ शब्दांनी सारखी असली, तरी दुसरीच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. त्याच शब्दांचा रंग तिथे बदलतो. हा बदल एकदा कानाला पकडता आला की "सारखंच आहे" ही तक्रार निम्मी गळून पडते. सगळेच गायक हा हिशेब पाळत नाहीत, हेही सांगून ठेवतो. जॉन ली हूकर एकाच कॉर्डवर गाणंच्या गाणं काढायचा, मनात आलं तर खण लांबवायचा, आणि साथीदारांनी त्याच्या पायाच्या ठेक्याकडे डोळे लावून बसायचं.

२. गंधार कुठला?

पियानोवर कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. मध्ये काहीच नाही. गळ्याला आणि तारेला ही अडचण नसते. ब्लूज गाणारा कोमल गंधार घेतो, शुद्धाकडे झुकतो आणि पुष्कळदा पोचतच नाही. त्याच वेळी खालच्या सा-ग-प मध्ये शुद्ध गंधार ठाम उभा असतो. दोघांचं एकमेकांना घासणं हाच तो ब्लूजचा सूर, 'ब्लू नोट'. निषादाचं असंच होतं, आणि पंचमही कधी कधी किंचित खाली ओढला जातो.

दोन्ही गंधार घेणारा जोग राग ज्यांनी ऐकलाय, त्यांच्या कानाला इथे ओळखीची खूण पटते. पण त्यावरून ब्लूज आणि आपला राग यांचं नातं जोडण्याची घाई नको. तसं नातं नाही. मींड समजणाऱ्या माणसाला ब्लूज लवकर उमगतो, एवढाच आपला फायदा. एरवी ब्लूज म्हणजे उदास गाणं असं सांगितलं जातं, पण त्यातली पुष्कळ गाणी चावट, भांडकुदळ नाहीतर निव्वळ फुशारकीची असतात. उदासी त्या न पोचणाऱ्या सुरात असते, शब्द काही का असेनात.

तारेवर हा सूर काढायला जुन्या वादकांनी बाटलीची मान कापून बोटात घातली, किंवा चाकूची बोथट बाजू तारेवर फिरवली. हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी ऐकलेल्यांना ते घसरणं ठाऊक आहे. त्याचा सगळ्यात निखळ नमुना टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सनने १९२७ च्या डिसेंबरात डॅलसला रेकॉर्ड केला. हा अंध माणूस देवाचीच गाणी गायचा. या तुकड्यात त्याने शब्द ठेवलेच नाहीत, आहे ते गुणगुणणं, कण्हणं आणि त्याला तारेने दिलेली ओ. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात हा तुकडा आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवीही आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून बघा. मी ऐकल्या आहेत, आणि मधला विराम मला नकोसा वाटला होता.

३. कापसाची जमीन

हे आलं कुठून? एक गाव, एक माणूस असं बोट ठेवता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांच्या गाण्यातली साद-प्रतिसादाची रीत, शेतात एकट्याने घातलेली लांबलचक हाळी, टोळीने काम करताना म्हटलेली गाणी, चर्चमधली भजनं, गावोगाव हिंडणाऱ्या तंबूंतले खेळ, असं बरंच काही अमेरिकेच्या दक्षिणेत एका मडक्यात पडलं. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपल्यावर पुढच्या पिढी-दोन पिढ्यांत त्याला हा आकार आला.

त्यातला सर्वांत गाजलेला मुलूख म्हणजे मिसिसिपी राज्यातला 'डेल्टा'. नाव फसवं आहे. नदी समुद्राला मिळते तो हा त्रिभुज प्रदेश नव्हे. त्याच्या पुष्कळ उत्तरेला, मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला हा सपाट, काळ्याभोर मातीचा कापूसपट्टा आहे. कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबं इथे मोठ्या मळ्यांवर अर्धेलीने जमीन कसायची. बी-बियाणं, पीठमीठ मळ्याच्याच दुकानातून उधारीवर. वर्षअखेरीला हिशेब मालकाच्या वहीत व्हायचा आणि वही मालकाच्या घरात असायची. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको. वरच्या माझ्या कडव्यातली 'मुभा' याच हिशेबातून आली आहे. मजूर निघून जाऊ नयेत म्हणून त्यांना स्टेशनातच अडवण्याचे प्रकार तिथे खरोखर घडले.

पोरं वाद्य कसं शिकायची? केरसुणी बांधायची तार सोडवून घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणायची, खाली बाटली नाहीतर दगड सारायचा, की झाली एकतारी. 'डिडली बो' म्हणतात त्याला. पुढे जमलंच तर टपालाने मागवलेली स्वस्त गिटार. डॉकरी नावाच्या मळ्यावर राहिलेला चार्ली पॅटन असल्याच वातावरणात वाढून डेल्टाचा पहिला मोठा गायक झाला. गिटार डोक्यामागे धरून, गुडघ्यांत अडकवून वाजवण्याचे चाळे त्याने त्या काळात करून ठेवलेत.

डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला, नोटेशन लिहिता-वाचता येणारा बँडमास्तर. १९०३ च्या सुमारास टटवायलर स्टेशनावर रखडलेल्या गाडीची वाट बघत तो पेंगत होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस चाकूने गिटार वाजवत बसला आणि दोन रेल्वेमार्गांच्या फाट्याविषयीची एकच ओळ तीनदा गायला. हँडीने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, की इतकं विचित्र संगीत त्याने कधी ऐकलं नव्हतं. १९१२ मध्ये त्याने 'मेम्फिस ब्लूज' छापलं आणि १९१४ मध्ये 'सेंट लुईस ब्लूज'. फलाटावरच्या त्या माणसाचं नाव कुणी विचारलं नाही.

४. खुर्च्यांचा कारखाना आणि तीन मिनिटं

कागदावर आलेला ब्लूज तबकडीवर यायला १९२० उजाडलं. ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कला मेमी स्मिथने 'क्रेझी ब्लूज' गायलं आणि ते भराभरा खपलं. कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही ग्रामोफोन विकत घेतं, हा शोध कंपन्यांना तेव्हा लागला! मग मा रेनी, बेसी स्मिथ अशा रंगमंच गाजवणाऱ्या बायका आल्या. उंची पोशाख, मागे पियानो, कॉर्नेट. १९२३ साली बेसीची पहिली तबकडी आली आणि पुढची काही वर्षं ब्लूज म्हणजे त्या, असंच समीकरण होतं. गिटारवाले एकटे पुरुष त्यांच्या मागून आले. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या धंद्यातली एक मोठी कंपनी 'पॅरामाउंट'. तिची मालकी विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याकडे होती. ग्रामोफोनची लाकडी कपाटं विकायची तर सोबत तबकड्याही हव्यात, असा साधा हिशेब. ब्लाइंड लेमन जेफरसन, पॅटन, सन हाऊस, स्किप जेम्स यांचे आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतात ते या फर्निचरवाल्यांच्या कृपेने. मात्र त्यांच्या तबकड्यांचा माल हलका होता आणि खरखर त्यांच्या जन्मापासूनच आहे.

तबकडीने गाण्याला कुंपणही घातलं. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. शनिवारच्या नाचाला तासभर चालणारं गाणं पाच-सहा कडव्यांत बसवावं लागलं. आपल्याकडेही ख्याल याच तबकडीत कोंबला गेला होता, तेव्हा ही गोष्ट नवी नाही. मंदी आली, पॅरामाउंटचं रेकॉर्डिंग १९३२ मध्ये थांबलं. रॉबर्ट जॉन्सन आला तो यानंतर. १९३६ ला सॅन अँटोनिओत आणि १९३७ ला डॅलसला मिळून २९ गाणी रेकॉर्ड करून १९३८ मध्ये तो सत्ताविसाव्या वर्षी वारला. चौरस्त्यावर त्याने सैतानाला आत्मा विकला ही कथा तुम्ही ऐकली असेलच. ती मी इथे सांगणार नाही. तिच्यापायी त्याचा रियाज झाकला जातो.

५. शिकागोत गोंगाट होता

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून निघाली. डेल्टाची गाडी सरळ शिकागोला जायची. १९४४ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणारी यंत्रं चालवून दाखवली गेली. एक यंत्र पन्नासेक वेचणाऱ्यांचं काम करत होतं. उरलेसुरले लोकही मग निघाले.

मडी वॉटर्स, मूळ नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड, आदल्याच वर्षी गेला होता. १९४१ मध्ये सरकारी ग्रंथालयासाठी लोकगीतं गोळा करणाऱ्या अॅलन लोमॅक्सने मळ्यावर येऊन त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकल्यावर आपण खरंच गाऊ शकतो अशी त्याची खात्री पटली. शिकागोच्या गुत्त्यांत ग्लासांच्या आणि भांडणांच्या आवाजात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्याने विजेवरची घेतली. कारण एवढंच. लिटल वॉल्टरने हार्मोनिका आणि मायक्रोफोन एकाच ओंजळीत धरून ते छोटं वाद्य सॅक्सोफोनसारखं घुमवलं. पोलंडहून आलेल्या चेस बंधूंनी हा आवाज तबकडीवर विकला. चाली जुन्याच, मात्रा अठ्ठेचाळीसच. पण आता त्या भिंतीला हादरा देत होत्या.

६. ऐकणारे उलटे चालतात

ब्लूज डेल्टाकडून शहराकडे आला. तुम्ही-आम्ही श्रोते मात्र शहरातून डेल्टाकडे जातो. आधी रॉक, मग त्या रॉकवाल्यांनी ज्यांचं गाणं उचललं ते शिकागोकर, मग त्यांचे गुरू. १९६१ मध्ये इंग्लंडातल्या डार्टफर्ड स्टेशनवर मिक जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी बघून कीथ रिचर्ड्स त्याच्याशी बोलायला लागला. 'रोलिंग स्टोन्स' हे नावच मडीच्या गाण्यावरून घेतलं. त्याच वर्षी रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्यांची एलपी निघाली. ती ऐकल्यावर रिचर्ड्सने विचारलं होतं, की बरोबर वाजवणारा दुसरा कोण? दुसरा कुणी नव्हता.

माझीही वाट अशीच उलटी. बी. बी. किंगची शिकागोच्या रीगल थिएटरातली मैफल कॅसेटवर ऐकून मी भाळलो. प्रेक्षकांतल्या बायकांचे चीत्कार त्यात गिटारइतकेच सुरात आहेत. त्या जोरावर रॉबर्ट जॉन्सनची कॅसेट आणली आणि दोन दिवसांत कपाटात टाकली. डास गुणगुणल्यासारखी वाटली होती. पुढे अठ्ठेचाळीस मात्रा मोजायचा नाद लागला, लोकलमध्ये मांडीवर बोटं आपटत. ती कॅसेट पुन्हा काढली तर हिशेब जमेना. दर वेळी मी दोन मात्रा पुढे नाहीतर मागे. आठवडाभर चूक माझीच धरून चाललो होतो. मग लक्षात आलं, की हा माणूस ओळ संपली की उरलेल्या मात्रांची वाट बघत थांबतच नाही, आणि मनात आलं तर एखादी जास्तीची घालतो. एकटा वाजवतोय, विचारणार कोण! मोजता मोजता मी ऐकायला लागलो होतो. आवड अशीही लागते.

पण उलट्या चालण्याचा एक तोटा आहे. जे जितकं जुनं, खरखरीत आणि एकाकी, ते तितकं अस्सल, असं वाटायला लागतं. त्या काळच्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला तसं वाटत नव्हतं. त्याने बेसी स्मिथ घेतली, पियानोवर शांतपणे गाणारा लेरॉय कार घेतला. रॉबर्ट जॉन्सन हयातीत फारसा खपला नाही. खुद्द मडी वॉटर्स मळ्यावर असताना जीन ऑट्री या सिनेमातल्या काउबॉयची गाणीही गायचा. तो पोटासाठी वाजवत होता, लोक मागतील ते वाजवत होता. गिटार घेतलेल्या एकाकी पुरुषाचं ब्लूजचं चित्र बरंचसं नंतरच्या गोऱ्या संग्राहकांच्या आवडीने काढलेलं आहे, आणि त्यात त्या बायका मागच्या रांगेत गेल्या. मडी १९५८ मध्ये विजेची गिटार घेऊन इंग्लंडला गेला, तर काही जणांना ती किंचाळल्यासारखी वाटली. त्याने धडा घेतला, पुढच्या खेपेला साधी गिटार नेली. तोवर पोरांना विजेचीच हवी झाली होती.

याच संग्राहकांनी दुसरीकडे मोठं कामही केलं. जुन्या तबकड्यांच्या खाणाखुणांवरून ते माणसं शोधत फिरले. मिसिसिपी जॉन हर्टने १९२८ च्या एका गाण्यात आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. तेवढ्यावरून १९६३ मध्ये तो सापडला, त्याच गावात. १९६४ च्या जूनमध्ये स्किप जेम्स मिसिसिपीतल्या एका इस्पितळात सापडला आणि सन हाऊस पार उत्तरेला, रॉचेस्टर शहरात.

सन हाऊस म्हणजे ज्याचं बघून रॉबर्ट जॉन्सन आणि मडी वॉटर्स शिकले तो. त्याने कित्येक वर्षांत गिटारला हात लावला नव्हता. हात कापत होते आणि स्वतःची गाणी तो विसरला होता. मग विशीतला अॅलन विल्सन नावाचा एक मुलगा त्याच्यासमोर बसला. जुन्या तबकड्या ऐकून ऐकून त्याने ती गाणी बोटांत बसवली होती. त्याने एकेक वाजवून दाखवलं, आणि म्हातारा आपलंच गाणं त्याच्याकडून परत शिकला.

१९६५ मध्ये सन हाऊसची जी एलपी निघाली, तिच्यासाठी झालेल्या ध्वनिमुद्रणात काही ठिकाणी विल्सनची साथ आहे. मात्र त्यातल्या एका गाण्यात गिटारच नाही. नुसता गळा आणि टाळ्या. टाळ्या मध्येच पुढे पळतात, मध्येच मागे रेंगाळतात. मी अजूनही मोजायला बसतो, अजूनही चुकतो.